शेजारच्या सीटवरचं काम

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: दोघांनी १५ दिवसांची गाडीसहल आखली आहे, एकूण ३५०० किलोमीटर, त्यातले ९०० डोंगरातले. गाडी दोघांनाही येते, पण एकाचा हात बसलेला आहे आणि दुसऱ्याला शहराबाहेरची सवय कमी. रोज किती चालवावं, गाडीची तयारी काय करावी आणि मागच्या सहलीत चौथ्या दिवशी जे कडाक्याचं भांडण झालं ते यंदा कसं टाळावं? मी आणि माझा नवरा गेली २४ वर्षं असेच भटकतोय. चौथ्या दिवसाची भांडणं आम्हीही मनसोक्त केली आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी हिशेब. १५ दिवसांत ३५०० म्हणजे रोजचे सव्वादोनशे-अडीचशे, त्यात काय एवढं, असं सगळ्यांनाच वाटतं. आम्हालाही वाटायचं. पण किलोमीटर सोडा, तास धरा. सपाटीच्या चांगल्या रस्त्यावर थांबे, पेट्रोल, वाटेतली गावं आणि एखादी चुकलेली वाट धरून सरासरी ताशी ६० पडते, घाटात २८. हो, २८च. ॲपमध्ये दिसणारी वेळ ही न थांबणाऱ्या, फोटो न काढणाऱ्या आणि नैसर्गिक विधी नसलेल्या माणसाची असते. तुमचे २६०० किलोमीटर सपाटीचे म्हणजे ४३ तास, ९०० डोंगराचे म्हणजे ३२ तास. सपाटीला दिवसाला साडेसहा तास आणि घाटात पाच तास यापेक्षा जास्त मी कोणालाही सांगत नाही. म्हणजे नुसतं चालवण्यातच १३ दिवस गेले. ज्या तळ्यासाठी आणि दऱ्यांसाठी निघालात ते बघायला उरले दोन.

म्हणून माझं स्पष्ट मत: आराखड्यातला सगळ्यात लांबचा फाटा कापा. एकूण २५०० वर या, त्यातले डोंगरातले ६००. तेवढं नऊ-सव्वानऊ दिवसांत होतं, दहा धरा. उरलेले पाच दिवस गाडी हलवायची नाही. दोन आवडत्या ठिकाणी दोन-दोन दिवस मुक्काम आणि एक दिवस पूर्ण कोरा, कुठल्याही नावावर न टाकलेला. हा कोरा दिवस दरड कोसळली, पोट बिघडलं, गॅरेजमध्ये बसावं लागलं तर कामी येतो. काहीच झालं नाही तर जिथे मन रमलं तिथे वापरा. आमच्या एकूण प्रवासातल्या सगळ्यात चांगल्या आठवणी या कोऱ्या दिवसांच्याच निघाल्या, पण तो योगायोगही असेल.

रोजचं वेळापत्रक निघण्याच्या वेळेवरून नाही, पोहोचण्याच्या वेळेवरून उलटं मांडायचं. मुक्कामी सूर्यास्ताच्या दीड तास आधी. अनोळखी गावात अंधारात पाटी शोधणं, गेट उघडायला कोणी नसणं, गाडी लावायला जागा नसणं, हे सगळं दिवसभर दमलेल्या दोन माणसांच्या वाट्याला एकदम आलं की ठिणगी पडतेच. दिवस किती उरला ते बघायची जुनी युक्ती अजून चालते: हात पूर्ण लांब करून बोटं आडवी धरायची, सूर्याच्या खालची कड आणि क्षितिज यांच्यात जितकी बोटं मावतील तितकी पंधरा-पंधरा मिनिटं. चार बोटं म्हणजे साधारण तासभर. डोंगरात मात्र सूर्य क्षितिजाच्या कितीतरी आधी कड्याआड जातो, तेव्हा तिथे कड्यापर्यंतचीच बोटं मोजा. आणि शक्य असेल तर पश्चिमेकडचे टप्पे सकाळी आणि पूर्वेकडचे दुपारनंतर ठेवा. सूर्य पाठीशी राहतो, काचेवरची तिरीप वाचते, आणि डोळ्यांचा अर्धा शीण तिथेच कमी होतो.

शिणाबद्दल थोडं खोलात जाते, कारण बहुतेक लोक झोप येईपर्यंत त्याला शीण मानतच नाहीत. सलग १७ तास जागं असलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते. बऱ्याच देशांत गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादाच तेवढी आहे. पहाटे तीनला उठून ‘रिकाम्या रस्त्यावर निघू’ म्हणणाऱ्यांचे संध्याकाळी आठला १७ तास भरतात, आणि नेमकी तेव्हाच त्यांची गाडी घाटात असते. ताशी १०० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे ११० मीटर बिनचालकाची गाडी. शरीर पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत आपोआप ढेपाळतं, जेवलेलं असो वा नसो. आमच्याकडे दुपारी दोनला गाडी थांबते, वाद नाही. खिडकी उघडणं, गाणी मोठ्यानं लावणं यानं दहा मिनिटं फसवणूक होते, झोप जात नाही. कॉफी प्यायची आणि तिचा असर सुरू व्हायच्या आत सीट मागे टाकून पंधरा-वीस मिनिटं पडायचं, याचा उपयोग होतो. कॅफिनला असर करायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर डोळा लागून उठून होतं. उठल्यावर लगेच चावी फिरवू नका, पाच मिनिटं पाय मोकळे करा. दर दोन तासांनी पंधरा मिनिटांचा थांबा वेगळा, आणि चालक बदलायचा तो त्याच थांब्यावर.

आता भांडणाकडे. चौथाच दिवस का? तीन रात्रींची अपुरी झोप साठलेली असते, नव्याची नवलाई संपलेली असते, आणि तीन दिवसांत दोघांनी मिळून शेकडो बारीक निर्णय घेतलेले असतात: इथे थांबू की पुढे, हा रस्ता की तो, खोली बघू की चालेल. कोणीही वाईट वागलेलं नसतं. आमचा चौथा दिवस एका पठारावरच्या तिठ्यावर आला. नवरा चालवत होता, फोन माझ्या हातात. फाटा आला आणि गेला, मग मी म्हणाले, “डावीकडे होतं.” तो म्हणाला, “होतं म्हणजे?” त्या ‘होतं’वर पाऊण तास गेला. पुढे रागाच्या भरात वळायला जागा नसताना गाडी वळवली, मागचं चाक भुसभुशीत कडेवरून घसरलं, आणि अंधार पडल्यावर एका ट्रॅक्टरवाल्यानं आम्हाला ओढून काढलं. चूक फाट्याची नव्हती. दिवसभरात त्याने सात तास चालवलं होतं आणि मी त्यातले चार तास खिडकीतून बाहेर बघत बसले होते, असं त्याचं म्हणणं. आणि ते खरं होतं.

तेव्हापासून शेजारची सीट ही आमच्याकडे कामाची सीट आहे. तिथे बसलेल्याकडे रस्ता, पाणी, फोन, टोल, पुढच्या थांब्याची चौकशी आणि मुक्कामाला फोन करणं हे सगळं असतं. चालवणाऱ्याने फक्त चालवायचं, फोनला हात लावायचा नाही, पडद्याकडे बघायचं नाही. वळण सांगायचं ते तीन वेळा: दोन किलोमीटर आधी, पाचशे मीटर आधी, आणि समोर दिसल्यावर खूण दाखवून, ‘त्या निळ्या पाटीनंतर’. फाटा चुकलाच तर शब्द एकच, ‘पुढून वळू’. कोणाचं चुकलं ही चर्चा मुक्कामी गेल्यावर करायची मुभा आहे. तोवर कोणाला ती करावीशी वाटत नाही.

दुसरा नियम ‘थांब’ या शब्दाचा. दोघांपैकी कोणीही ‘थांब’ म्हटलं की चालवणाऱ्याने पहिल्या सुरक्षित जागी गाडी घ्यायची, कारण विचारायचं नाही. मळमळ असेल, भीती असेल, एखादा पक्षी दिसला असेल. याच्या बदल्यात शेजारच्याने चालवण्यावर टीका करायची नाही. ‘जरा हळू’, ‘अरे ट्रक’, दचकून डॅशबोर्डला हात टेकणं, आणि पायाखाली नसलेला ब्रेक दाबणं. यातलं शेवटचं मला अजून जमलेलं नाही. खरंच भीती वाटत असेल तर ‘थांब’ आहेच. या दोन गोष्टी एकत्रच चालतात. टीका बंद करून ‘थांब’चा हक्क दिला नाही तर शेजारचा माणूस नुसता मूठ आवळून बसतो.

तिसरं, निर्णय वाटून घ्या. आमच्यात एक दिवस त्याचा, एक माझा. ज्याचा दिवस त्याने थांबे, वाट आणि जेवणाची जागा ठरवायची, दुसऱ्याने कुरकुर न करता यायचं. ऐकायला पोरकट वाटतं. पण दिवसभर ‘तुला काय वाटतं?’, ‘तू सांग’, ‘नाही, तूच सांग’ हे बंद होतं. आणि भूक. माझ्या अंदाजाने प्रवासातली निम्मी भांडणं ही भुकेची असतात आणि ती दुसऱ्याच कुठल्यातरी नावाने होतात. खायचं काहीतरी हाताशी, डिकीत नव्हे, ठेवा.

ज्याचा हात कमी बसलाय त्याच्याबद्दल. सगळे जण त्याला ‘सोपा, मोठा रस्ता’ म्हणून दुपारचा हायवे देतात. कंटाळवाणा सरळ रस्ता आणि दुपारची वेळ, यासारखी वाईट जोडी नाही. त्याला सकाळचा, उजाडल्यानंतरचा पहिला दीड तास द्या. डोकं ताजं असतं, रहदारी कमी असते, आणि दिवसाची सुरुवात त्याच्या हातून झाली की तो पुढे प्रवासी उरत नाही, सहचालक होतो. शहरात शिरण्याचे आणि बाहेर पडण्याचे टप्पे सवयीच्या माणसाकडे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून सोपा घाट चढताना द्या, उतार नंतर. ज्याला गाडी लागते त्याने घाटात स्वतः चालवावं, कारण मळमळ कान आणि डोळे यांच्या सांगण्यात फरक पडल्याने होते आणि चालवणाऱ्याला पुढचं वळण आधी कळत असल्याने ती बरीच कमी असते. ते शक्य नसेल तर पुढच्या सीटवर बसून दूरवर नजर ठेवावी. वळणावळणाच्या रस्त्यात नकाशात डोकं खुपसून बसणारा हमखास आजारी पडतो, म्हणून घाट सुरू होण्याआधीच पुढची वाट पाठ करून फोन बाजूला ठेवायचा.

घाटाचं मुख्य शास्त्र उतरण्याचं आहे. इटलीतला स्टेल्वियो घाट २७५७ मीटरवर जातो, त्याच्या एका बाजूला ४८ हेअरपिन वळणं आहेत. नॉर्वेच्या ट्रोलस्टिगेनला ११च आहेत, पण चढ दहाला एक असा आहे. वळणांची संख्या बघून घाबरू नका, उतार किती वेळ चालतो ते बघा. सतत पाय ब्रेकवर राहिला की ब्रेक तापतात, ब्रेक ऑइलमध्ये शोषलं गेलेलं पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेल्या ऑइलची किमान पातळी १५५ अंशांवर येते. म्हणून दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर निघण्याआधी बदलून घ्या. साठ्यात भरपूर दिसतंय यावर जाऊ नका. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल कधीही नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर तिच्यात गिअर हातानं धरून ठेवायची सोय कुठे आहे ते घरीच शोधून ठेवा. ब्रेक लावायचा तो ठाम लावून सोडायचा, घासत राहायचं नाही. जळका वास आला तर थांबा, थंड होऊ द्या, चाकावर पाणी ओतू नका.

उताराचा धडा मोटारीइतकाच जुना आहे. १८८८ मध्ये बेर्टा बेन्झ बाई मोटार बनवणाऱ्या नवऱ्याला, कार्ल बेन्झला, न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला मोटारीने गेल्या, शंभरेक किलोमीटर. हा मोटारीचा पहिला लांबचा प्रवास मानतात. तुंबलेली इंधननळी त्यांनी टोपीच्या पिनने मोकळी केली, इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं, आणि उतारांवर झिजलेल्या लाकडी ब्रेकवर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. परत आल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा, हे त्यांनीच सुचवलं असं सांगतात. जोडप्याच्या प्रवासाच्या उत्तरात नवऱ्याला घरी ठेवून गेलेल्या बाईचं उदाहरण देतेय खरं, पण रस्त्यावरून आल्यावर गाडीत काय हवं ते कळतं, एवढंच.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्यायचा संकेत बहुतेक ठिकाणी पाळला जातो. स्वित्झर्लंडच्या डोंगरी टपालमार्गांवर मात्र टपालखात्याच्या पिवळ्या बसचा चालक सांगेल तसं. दरीची धास्ती असणारा जोडीदार असेल तर दिशा विचारपूर्वक निवडा. ऑस्ट्रेलियाच्या २४३ किलोमीटरच्या ग्रेट ओशन रोडवर डावीकडून चालवतात, त्यामुळे पश्चिमेकडे जाताना समुद्र अगदी आपल्या बाजूला राहतो आणि थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. उलट दिशेने गेलात तर डोंगर बाजूला आणि जीवाला शांतता. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उजवीकडून चालवत असल्याने तीच सोय दक्षिणेकडे जाताना मिळते. कुठलाही किनारा किंवा दरीकाठ असो, आखताना हे एकदा नकाशावर बोट फिरवून बघा.

तुमच्या डोंगरात हिमनदीचे ओढे रस्त्यावरून वाहत असतील तर ते सकाळी पार करा. दिवसभर बर्फ वितळतं आणि दुपारनंतर त्याच ओढ्याला दुप्पट पाणी दिसतं. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी तरंगू लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. पुढचा गेला म्हणून आपण जायचं नाही.

आणि उंची. २५०० मीटरच्या वर झोपायचं असेल तर हा भाग वगळू नका. नियम असा की ३००० मीटरनंतर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर राहायचं. गाडीने हा नियम मोडणं फार सोपं असतं. मनाली-लेह रस्त्यावर २००० मीटरवरून निघून पहिलीच रात्र ४३०० मीटरच्या आसपासच्या सरचूला काढणाऱ्यांची डोकेदुखीने रात्रभर तळमळ होते ती त्यामुळेच. श्रीनगर, कारगिल, लेह अशी वाट घेतली तर उंची १६००, २७००, ३५०० अशी पायरीपायरीने चढते. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं इथपर्यंत असेल तर तिथेच थांबायचं, वर जायचं नाही. बोलण्यात गोंधळ, तोल जाणं, बसल्या जागी धाप लागणं दिसलं तर रात्र असो वा पाऊस, खाली उतरायचं. प्रतिबंधाची गोळी हवी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. विरळ हवेत झोप तुटक होते आणि माणूस विनाकारण चिडतो. जोडीदार अचानक तुसडा वागू लागला तर आधी त्याला ‘डोकं दुखतंय का?’ विचारा.

गाडीच्या तयारीवर लोक खूप लिहितात, मी थोडक्यात सांगते. टायर सगळ्यात महत्त्वाचे. नक्षीची खोली १.६ मिलिमीटर ही अनेक देशांतली कायद्याची तळाची मर्यादा आहे, पावसात आणि घाटात जायचं तर मी तीनच्या खाली निघत नाही. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. हवा टायर थंड असताना तपासा, स्टेपनीची सुद्धा. आणि दोघांनीही घरी एकदा चाक बदलून बघा, कारण गॅरेजने यंत्राने आवळलेले नट हातच्या पान्याने सुटत नाहीत हे रात्री रस्त्याकडेला कळण्यात मजा नाही. आमच्याकडे त्यासाठी पान्यावर बसवायचा दीड हात लोखंडी पाइप कायम डिकीत असतो. नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या, कागदाचा एक असू द्या. दुसऱ्या देशात चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो का ते बघून मायदेशातूनच घ्या.

मुक्काम आधी बुक करावेत का, हे तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय. पहिल्या दोन रात्री, दोन्ही लांब मुक्काम आणि परतीच्या आदली रात्र, एवढं पक्कं करा. बाकीच्यांसाठी रोज दुपारच्या दोनच्या थांब्यावर, एक जण डोळे मिटून पडलेला असताना, दुसऱ्याने पुढच्या दोन-तीन ठिकाणी फोन करायचा. सुट्यांचा हंगाम असेल तर मात्र हे चालत नाही, सगळंच आधी बुक करावं लागेल. आणि तसं असेल तर तो कोरा दिवस शेवटच्या मुक्कामाच्या आधी ठेवा, म्हणजे वाटेत कुठे अडकलात तरी पुढची सगळी बुकिंगं सरकवावी लागणार नाहीत.